हिला थंडी वाजली नाही का?

सार्वजनिक वाचनालयाच्या एका लांबट खोलीत आम्ही काही छायाचित्रे टांगली होती. प्रवेश विनामूल्य होता आणि तो तसाच असावा हा माझा हट्ट होता. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या माणसाने जाता जाता भिंतीवर नजर टाकावी, एवढीच माझी अपेक्षा होती. चित्रांत माणसांची विवस्त्र शरीरे होती आणि त्यांच्याभोवती पाणी, दगड, मुळे, वाळलेले गवत. त्यांतल्या एका चित्रापुढे एक आजी बराच वेळ उभ्या राहिल्या. ओढ्याकाठच्या काळ्या खडकावर एक स्त्री कुशीवर निजली आहे, तिची पाठ आपल्याकडे आहे, केस ओले आहेत आणि तिच्या कण्याची पन्हळ खडकातल्या भेगेला जाऊन मिळते, असे ते चित्र. भेग आणि कणा एका रेषेत आणण्यासाठी मी किती खटाटोप केला होता ते माझे मला ठाऊक. आजींनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "अगं, हिला थंडी वाजली नाही का?"

वाजली होती, पण घोंगडी होती जवळ, असे काहीतरी मी सांगितले. त्या मान हलवून पुढच्या चित्राकडे गेल्या. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. अभिप्रायाच्या वहीत कुणी प्रकाशाबद्दल लिहिले होते, कुणी रचनेबद्दल, दोघातिघांनी संस्कृतीच्या काळजीपोटी चार खरमरीत ओळी लिहिल्या होत्या, आणि या सगळ्यांना द्यायला माझ्याकडे तयार उत्तरे होती. आजींनी चित्राबद्दल काही विचारलेच नव्हते. त्यांनी चित्रातल्या बाईची चौकशी केली होती, आणि त्या खोलीत तशी चौकशी करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

निसर्गात उघड्या शरीराचे छायाचित्र काढणे हे काम पाहणाऱ्याला जेवढे काव्यमय वाटते तेवढे ते करताना वाटत नाही. हवा तो तिरपा, मऊ उजेड सूर्योदयाच्या आसपास मिळतो आणि नेमका त्याच वेळी दगड रात्रभर थंडावून सर्वांत गार झालेला असतो. कॅमेऱ्याला जे हवे आणि अंगाला जे नको, ते एकाच घटकेला हजर होते. इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून जायला बराच वेळ लागतो, म्हणून चित्रात असणारी व्यक्ती पहाटेपासून सैल, म्हणजे खरे तर अपुऱ्या कपड्यांत बसून राहते. चौकट आधी ठरवायची, उजेड मोजायचा, तिपाई घट्ट रोवायची, एकाने पायवाटेवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने घोंगडी धरून चौकटीच्या अगदी बाहेर उभे राहायचे, आणि मग तिने अंगावरचे काढून दगडावर टेकायचे. पहिला स्पर्श होताच श्वास आत ओढल्याचा जो आवाज येतो तो कुठल्याही छायाचित्रात उमटत नाही. पाण्यातले काम त्याहून अवघड, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. ओठ निळसर दिसू लागले की थांबायचे, मग ढग कितीही सुरेख जमून आलेले असोत. अंगावर आलेला काटा तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतो. तो नंतर संगणकावर पुसून टाकण्याची पद्धत आहे. पुसला की त्वचा संगमरवरासारखी होते, आणि पाहणाऱ्याला बरे वाटते.

काळा ओला खडक आणि तपकिरी त्वचा यांचे आणखी एक कोडे असते. कॅमेऱ्यातला उजेडमापक समोरचे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. खडक आणि शरीर दोन्ही गडद असले की तो दोघांनाही फिकट करू पाहतो, आणि आपण त्याला आवरले तर शरीर खडकात विरघळून जाते. मग त्वचेवरच्या पाण्याची चमक किंवा बाजूने येणारी उजेडाची एखादी तिरीप, तेवढ्यावरच दोघांना वेगळे करायचे असते. रंगीत फिल्मच्या काळात ही अडचण साधनातच मुरलेली होती. प्रयोगशाळा ज्या नमुना-चित्रावरून रंग जुळवत त्याला कोडॅकच्या एका गोऱ्या मॉडेलवरून 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि बरीच वर्षे त्यावर गोऱ्याच स्त्रिया असत. सावळ्या चेहऱ्यांचे तपशील त्या फिल्मवर बुडून जात. पुढे फिल्म सुधारण्याला जो जोर चढला त्यात चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, हे वाचले तेव्हा हसावे की चिडावे ते मला कळेना.

शरीर आणि निसर्ग एकमेकांत मिसळून दाखवण्याच्या परंपरेच्या अगदी मध्यभागी एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराची ओशिआनोची छायाचित्रे आहेत. १९३६ साल, कॅलिफोर्नियाचा किनारा, वाऱ्याने रेघोट्या ओढलेल्या वाळूच्या टेकड्या, ८ बाय १० इंचांची निगेटिव्ह घेणारा अवजड कॅमेरा, आणि वाळूवर विसावलेली, विशी नुकतीच ओलांडलेली त्याची मॉडेल आणि सहचरी कॅरिस विल्सन. वाळूची वळी कोणती आणि अंगाची कोणती, हे क्षणभर कळत नाही. वेस्टनची नजरच तशी होती. १९३० साली त्याने एका ढोबळ्या मिरचीचे छायाचित्र काढले, तीही पाठमोऱ्या माणसासारखी दिसते. कॅरिस मात्र मिरचीसारखी गप्प राहिली नाही. वेस्टनच्या प्रवासचित्रांच्या पुस्तकाचा मजकूर तिने लिहिला आणि उतारवयात स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. १९३६च्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रात ती दारात गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसली आहे. त्याबद्दल ती सांगते की, वेस्टनला उजव्या हातावरची सावली कधीच पसंत पडली नाही, आणि तिला स्वतःला केसांचा वाकडा भांग आणि दिसणाऱ्या पिना खटकत राहिल्या. पण ते चित्र अवचित समोर आले की तिला सर्वांत स्पष्ट आठवे ते वेगळेच: जांघेतला एखादा केस दिसत असेल तर टपालातून हे पाठवता येणार नाही, या काळजीने वेस्टन भिंग घेऊन प्रत तपासत बसला होता. समीक्षकांनी त्या चित्रातल्या लंबगोल आकारावर पुष्कळ लिहिले आहे. पिनांबद्दल लिहायला त्या ज्या डोक्यात होत्या तेच डोके लागले.

पुढे बिल ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने इंग्लंडच्या दक्षिणेकडील, गुळगुळीत गोट्यांनी भरलेल्या किनाऱ्यांवर कान, गुडघे, कोपर आणि बोटे वाइड अँगल भिंगातून इतक्या जवळून टिपली की ती कड्यांसारखी उभी राहतात आणि समुद्र त्यांच्यामागे लहानसा दिसतो. १९६१ साली ती चित्रे पुस्तकरूपाने आली आणि माझ्यासारख्या कित्येकांनी त्यांच्यावरून हात गिरवला. शरीराला टेकडी म्हणणे, दगड म्हणणे ही शरीराची स्तुती आहे असे मला अनेक वर्षे वाटत आले आणि आजही बऱ्याच अंशी वाटते. उघड्या अंगाकडे एकाच नजरेने पाहायची सवय लागलेल्या माणसाला ते उजेड झेलणारा एक पृष्ठभाग म्हणून पाहायला लावणे ही काही लहान गोष्ट नाही. पण टेकडीला परवानगी विचारावी लागत नाही, टेकडीला आज नको उद्या ये असे म्हणता येत नाही, आणि टेकडीला दहा वर्षांनी आपले चित्र कुठे कुठे लावले आहे याची फिकीर नसते. शरीर निसर्गाचाच भाग आहे हे वाक्य मी स्वतः माहितीपत्रकात लिहिले होते. ते खरेही आहे. फक्त त्या भागाला दातखीळ बसते.

स्त्रिया या कामात फार आधीपासून होत्या आणि त्यांची चित्रे मला वेगळी वाटतात. ॲन ब्रिगमन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिएरा नेवाडाच्या उंच डोंगरांत मुक्काम ठोकून राहायची, आणि वाऱ्याने पिळवटलेल्या जुनिपरच्या खोडांत, वीज पडून फाटलेल्या झाडांत स्वतःचे, बहिणीचे, मैत्रिणींचे शरीर उभे करायची. त्या काळी एका स्त्रीने सगळे सामान घेऊन डोंगरात जाणे, तिथे कपडे उतरवणे आणि ते छायाचित्र नावानिशी प्रसिद्ध करणे, यातले कुठलेही एक धाडस पुरेसे झाले असते. आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकात तिची चित्रे छापली गेली. तिच्या चित्रांतली माणसे झाडाशी झटताना दिसतात, त्याच्यातून बाहेर पडू पाहताना दिसतात. वाळूसारखी निवांत पसरलेली क्वचितच. इमोजेन कनिंगहॅमने १९१५ साली रेनिअर पर्वतावर आपल्याच नवऱ्याची विवस्त्र छायाचित्रे काढली, आणि ती प्रसिद्ध झाल्यावर सिएटलमध्ये एवढा गदारोळ झाला की तिने त्या निगेटिव्ह कित्येक दशके बाजूला ठेवून दिल्या. पुरुषाचे शरीर, तेही बायकोने पाहिलेले. लोकांना नेमके कशाचे वाईट वाटले असेल, यावर मी अनेकदा विचार केला आहे.

आजींचा प्रश्न सर्वांत गंभीरपणे घेतलेला छायाचित्रकार मला आर्नो राफाएल मिन्किनन वाटतो. हेलसिंकीत १९४५ साली जन्मलेला हा फिनिश-अमेरिकन माणूस १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतःचेच शरीर तळ्यांत, बर्फात, कड्यांच्या टोकांवर ठेवत आला आहे. पाण्यातून वर आलेले दोन हात, बर्फातून उगवलेली बोटे, क्षितिजाला टेकलेली पाठ, आणि यातले काहीही दोन चित्रे जोडून केलेले नाही. कॅमेऱ्यामागे तो दुसऱ्या कुणाला पाहू देत नाही. स्वयंचलित कळ दाबायची आणि उरलेल्या काही सेकंदांत पाण्याखाली जायचे. असल्या जोखमीत दुसऱ्या कुणाला घालायचे नाही, असे त्याने म्हटले आहे. हे वाचल्यानंतर एका थंड पहाटे मी माझ्याच चौकटीत जाऊन निजले. खडकाचा गारवा आधी कमरेच्या हाडाला कळतो आणि मग बरगड्यांना. काही क्षणांनी दगडाचा खरबरीतपणा वेगळा जाणवेनासा होतो, कानाशी पाण्याचा आवाज मोठा होतो, आणि कॅमेरा आपल्याकडे पाहतो आहे हे पाठीला समजते, डोळ्यांना नाही. वाईट वाटले म्हणावे तर तसे नव्हते. एक विचित्र मोकळेपणा होता आणि त्याच्या बरोबरीने, आत्ता कुणी आले तर, अशी धडधड. दोन्ही एकमेकांना न पुसता शेजारी शेजारी होते. चित्रात यातले काही आले नाही. चित्र ठीकठाकच होते.

इथपर्यंतचा हिशेब माझा आणि माझ्यासमोर उभे राहणाऱ्यांचा. खरी गुंतागुंत चित्र सर्वांसाठी खुले करायचे म्हटल्यावर सुरू होते.

कला लोकांना फुकट आणि सहज पाहता यावी, याबद्दल माझे मत आडमुठे म्हणावे इतके पक्के आहे आणि त्याला एक कारण आहे. लहानपणी ज्या वाचनालयात मी छायाचित्रणाचे पहिले जाडजूड पुस्तक उघडले, त्यातली काही पाने ब्लेडने कापून नेलेली होती. कापणाऱ्याने ती लाजेपोटी नेली की हौसेपोटी, कोण जाणे. अनुक्रमणिकेत चित्राचे नाव, छायाचित्रकार, साल सगळे होते, आणि त्या पानाच्या जागी शिवणीला चिकटलेली कागदाची एक अरुंद पट्टी. बोट फिरवले की ती कडा किंचित टोचायची. शरीराबद्दल माझ्या पिढीचे बरेचसे शिक्षण अशा पट्ट्यांवरच झाले आहे. म्हणून २०१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या सुमारे ३ लाख ७५ हजार प्रतिमा कुठल्याही अटीशिवाय वापरायला खुल्या केल्या तेव्हा मला घरचे कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ती वाट आधीच घालून दिली होती. २०२० च्या सुरुवातीला पॅरिसच्या महापालिकेची संग्रहालये आली, अमेरिकेतली स्मिथसोनियन ही संग्रहालयांची संस्था आली. जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या फायली डोळ्यांसमोर उघडतात, काचेच्या प्लेटवरचे ओरखडे आणि धुळीचे कण दिसतात, आणि त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, कुणाच्या शिफारशीचे पत्र लागत नाही.

ब्लेड अर्थातच संपलेले नाही, फक्त त्याचा मालक बदलला. व्हिएन्नातील सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची विलेंडॉर्फची व्हीनस ही विवस्त्र स्त्रीमूर्ती, जिचे वय हजारो वर्षांत मोजतात, ती फेसबुकने २०१७ च्या अखेरीस अश्लील म्हणून अडवली आणि बोभाटा झाल्यावर माफी मागितली. २०२१ साली व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने संग्रहालयांतली नग्नचित्रे दाखवण्यासाठी चक्क प्रौढांच्या मजकुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या ओन्लीफॅन्सवर खाते उघडले. तो थोडा प्रसिद्धीचा डाव होता, पण दुखणे खरे होते. मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, नग्नतेबद्दलची अवाजवी लाज जावी अशी त्यांची भूमिका होती, आणि मासिकातल्या मजकुरासाठी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तो सगळा झगडा दाखवू द्या म्हणण्याचा होता, आणि त्यात मी आजही डोळे झाकून कर्व्यांच्या बाजूला आहे.

पण दाखवणे आणि देऊन टाकणे यांत अंतर आहे. भिंतीवर लावलेले चित्र पाहणारा माणूस ते डोळ्यांत घेऊन जातो. खुल्या परवान्याखाली ठेवलेले चित्र तो फाइल म्हणून नेतो, कापतो, जोडतो, छापतो, विकतो. असे परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात आले, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी दोन गोष्टी स्वच्छ सांगून ठेवल्या आहेत. एक म्हणजे दिलेला परवाना परत घेता येत नाही. दुसरी ही की, परवाना देणारा फक्त आपला स्वामित्वहक्क सैल करतो; चित्रातल्या व्यक्तीच्या खासगीपणाचा किंवा तिच्या प्रतिमेच्या वापराचा हक्क त्यात येत नाही, कारण तो त्याचा नाहीच. कागदावर हे अगदी न्याय्य दिसते. व्यवहारात मात्र, २००७ साली ऑस्ट्रेलियातील एका मोबाइल कंपनीने फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरून उचललेले टेक्सासमधल्या एका मुलीचे साधे घरगुती छायाचित्र जाहिरातीच्या फलकावर लावले. परवाना त्या वापराची मुभा देणारा होता, मुलीला कुणी विचारले नव्हते, आणि तिच्या कुटुंबाने अमेरिकेत केलेला दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. २०१९ साली आयबीएमने चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी सुमारे १० लाख छायाचित्रांचा संच दिला, तोही फ्लिकरवरच्या खुल्या परवान्याच्या चित्रांतून. त्यांतल्या कित्येकांना आपला चेहरा यंत्राला शिकवायला गेला आहे याची गंधवार्ता नव्हती. ही तर कपडे घातलेल्या माणसांची कथा. खुलेपणाची माझी उदार घोषणा बरीचशी दुसऱ्याच्या अंगावर उभी आहे, हे मला या दोन प्रकरणांनी दाखवले.

म्हणून खडकावरचे ते चित्र आणि त्याच मालिकेतली इतर चित्रे खुल्या संग्रहात ठेवावीत असे मनात आले तेव्हा मी त्या चित्रांतल्या मैत्रिणीकडे गेले. ती माझ्याहून थोडी मोठी आहे, तिच्या सहीचे संमतिपत्र माझ्याकडे होते, आणि त्या पत्रात प्रदर्शन, पुस्तक, संकेतस्थळ असे सगळे लिहिलेले होते. ती खळखळ करील ती लोकांच्या नजरेबद्दल, अशी माझी अटकळ होती. ती म्हणाली, "माझी पाठ कुणी पाहिली तर पाहू दे गं. पण माझी पाठ घेऊन कुणी गादी विकली तर?" मी तिला सांगितले की, व्यापारी वापराला मनाई करणारा परवानाही असतो. मग हेही सांगावे लागले की विकिमीडिया कॉमन्ससारखा फार मोठा खुला संग्रह नेमका तोच परवाना स्वीकारत नाही. तिथे खुले म्हणजे धंद्यालाही खुले. यामागचे तर्क मला पटतात. शाळेच्या पुस्तकाचा प्रकाशकसुद्धा व्यापारीच असतो. तिलाही ते पटले, आणि तरीही तिने गादी सोडली नाही.

तिच्यासमोर मी काही चित्रे ठेवली. स्पेन्सर ट्यूनिकने २००७ साली स्वित्झर्लंडमधल्या आलेच हिमनदीवर ग्रीनपीसच्या साथीने सुमारे ६०० विवस्त्र माणसे उभी केली होती, ते चित्र पाहून ती आधी कुडकुडली आणि मग म्हणाली, या सगळ्यांना काय मिळाले? ट्यूनिक भाग घेणाऱ्यांना छायाचित्राची एक प्रत देतो, हे ऐकून तिने मोठ्याने हसून मान्यता दिली. आना मेंडिएटाची १९७३ ते १९८० या काळातली 'सिल्युएता' मालिका तिने फार वेळ पाहिली. सुरुवातीच्या चित्रांत मेंडिएटा स्वतः गवतात, फुलांखाली निजलेली आहे आणि पुढे पुढे मातीत, वाळूत, बर्फात फक्त तिच्या आकाराचा खळगा उरतो. आणि मग लॉरा ॲग्विलारची १९९६ ची चित्रे. वाळवंटातल्या गोल धोंड्यांमध्ये पाठमोरे बसलेले तिचे स्थूल, तपकिरी शरीर. एका चित्रात ती साचलेल्या पाण्याच्या कडेला आडवी आहे. ही चित्रेही शरीराला दगडाशेजारी ठेवतात, वेस्टनसारखीच. पण इथे दगडाची जागा कुणी दुसऱ्याने ठरवलेली नाही, आणि जे शरीर सौंदर्याच्या कुठल्याच चौकटीत घेतले जात नव्हते ते त्या धोंड्यांइतकेच हक्काने तिथे बसले आहे. मैत्रीण म्हणाली, "ही तर माझ्यासारखी बसली आहे. तुझ्या कुठल्याच फोटोत मी अशी बसलेली नाही." होती, पण ती चित्रे मी प्रदर्शनात लावली नव्हती.

त्या न लावलेल्या चित्रांची फाइल तिने मागून घेतली आणि आमचे ठरवणे माझ्या अंदाजाच्या अगदी उलट गेले. पाठीचे ते सुरेख चित्र तिने बंद ठेवायला सांगितले. वाचनालयाच्या भिंतीवर असू दे, ज्याला पाहायचे त्याने तिथे येऊन पाहावे. आणि मी कधीच निवडले नसते असे एक चित्र तिने पूर्ण खुले करायला दिले, धंद्याच्या मनाईशिवाय. त्यात ती एका झाडाच्या मुळांवर ऐसपैस बसली आहे, पोटावर शस्त्रक्रियेची जुनी खूण आहे, चेहरा समोर आहे, आणि ती चौकटीबाहेरच्या कुणाशी तरी बोलते आहे. मी चकित होऊन कारण विचारले. तिचे म्हणणे असे की, पाठ कुणाचीही असू शकते आणि म्हणून ती कुणीही कशालाही लावील; या चित्रात मात्र ती तीच आहे हे दिसते, हे घेऊन कोण काय विकणार? यावर मी वाद घातला. चेहरा ओळखता येतो, तो कुठेही जाऊ शकतो, यंत्रांच्या त्या संचांचे काय, पुढे कधी नको वाटले तर परत घेता येणार नाही, हे सगळे मी पुन्हा पुन्हा सांगितले. तिने ऐकून घेतले. यातले काही मला तिची काळजी म्हणून वाटत होते आणि काही, खरे सांगायचे तर, ते चित्र रचनेच्या दृष्टीने सैल आहे म्हणून.

शेवटी तिच्या सहीने नवे पत्र झाले, प्रत्येक चित्राला वेगळी ओळ असलेले. फाइल चढवण्याआधी तिच्यात दडलेली ठिकाणाची नोंद मी काढून टाकली, कारण ज्या जागांचा पत्ता जाहीर होतो तिथे पायवाटा रुंद होत जातात आणि झाडांच्या मुळांवर बुटांचे घट्टे पडतात. नाव तिने दिले नाही. वर्णनाचा रकाना मात्र तिने स्वतः सांगून लिहून घेतला आणि त्यात मला एक अक्षर बदलू दिले नाही. तिथे आता असे लिहिले आहे की, या झाडावर मुंगळे होते आणि ते छायाचित्रकार बाईंना काम संपेपर्यंत दिसले नाहीत.